दसऱ्याची सभा आणि प्लेगचे अर्ज

म्हैसूरविषयी काही लिहावयाचे म्हटले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चामुंडीची टेकडी आणि कृष्णराजसागरचे कारंजे यांची वर्णने ओघानेच येतात. ती पुष्कळांनी केली आहेत, आणि आमच्याहून सरस केली आहेत. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही एक कमी दिमाखाचा विषय निवडला आहे. रोगराईने गांजलेल्या माणसाने आपले गाऱ्हाणे कागदावर उतरवावे, आपल्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीच्या हाती द्यावे, आणि त्या प्रतिनिधीने ते सत्तेपुढे वाचून उत्तर मागावे, ही रीत आज इतकी सर्वसाधारण झाली आहे की तिलाही जन्म आणि बालपण असेल हे आपल्या ध्यानात येत नाही. ही रीत या नगरीत कशी रुजली, आणि त्याच सुमारास आपल्या पुण्यात तिची काय गत झाली, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभी शब्दाविषयी थोडेसे. आपण अर्ज म्हणतो, कन्नडिग 'अर्जी' म्हणतात. कचेरी, दफ्तर, शिरस्तेदार हे शब्दही दोन्ही भाषांच्या अंगणात सारखेच वाढले आहेत. फारसीतून आलेल्या या शब्दांना दक्षिणेत घर मिळवून देण्यात मराठी कारकुनांचा हात मोठा होता. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या मुलखात मराठी लेखणी फिरू लागली. पुढे दिवाण पूर्णय्यांच्या कारभारात आणि त्याहीनंतर, म्हैसूरचे राज्य इंग्रज कमिशनरांच्या हाती असताना, मार्क कबन यांच्या अमदानीत कन्नडच्या जोडीने मराठीतही दफ्तर चाले. येथील जुन्या मराठी घराण्यांत आजही एखाद्या पूर्वजाची 'शिरस्तेदार' म्हणून आठवण सांगितली जाते ती याच काळातली. त्या काळी रयतेचा अर्ज अमलदाराकडे, म्हणजे आपल्याकडील मामलेदाराकडे जाई. तेथून तो वर सरके किंवा सरकत नसे. आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारण्याची जागा मात्र रयतेला नव्हती.

ती जागा १८८१ साली निर्माण झाली. त्या वर्षीच्या २५ मार्चला, पन्नास वर्षांच्या इंग्रजी अंमलानंतर, राज्य पुन्हा वोडेयर घराण्याच्या स्वाधीन झाले. चामराजेंद्र वोडेयर गादीवर आले आणि सी. रंगाचार्लू दिवाण झाले. राज्याची अवस्था बिकट होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थानातील सुमारे दहा लाख माणसे नेली होती. म्हणजे ढोबळ हिशेबाने पाचांतले एक माणूस. ज्यांचे घर सुने झाले अशा रयतेला राज्याविषयी काही आपलेपण वाटावे तर तिला काही विचारले पाहिजे, हे रंगाचार्लूंनी ओळखले. २५ ऑगस्टला फर्मान निघाले आणि ७ ऑक्टोबर १८८१ रोजी म्हैसूरला प्रजाप्रतिनिधी सभेची पहिली बैठक भरली. १४४ सभासद हजर होते. दसऱ्याचा मोसम मुद्दाम साधलेला होता: तालुक्यातालुक्यातून प्रतिष्ठित मंडळी दरबारासाठी येतच असत. आता त्यांनी दरबाराबरोबर कारभारही पाहावा, अशी ही योजना.

या सभेला अधिकार काय होते असे कोणी विचारील, तर प्रामाणिक उत्तर 'जवळजवळ काहीच नाही' असे आहे. सभासद प्रथम स्थानिक बोर्डांनी सुचविलेले जमीनदार व व्यापारी असत; निवडणूक १८९१ साली आली, आणि तीही ठराविक सारा वा कर भरणाऱ्यांपुरती. कायदा करणे, अंदाजपत्रक अडविणे, दिवाणांना पायउतार करणे, यांतले काहीही सभेच्या हाती नव्हते. दिवाण वर्षाचा जमाखर्च आणि पुढील बेत वाचून दाखवीत. मग सभासदांनी आपापल्या भागाच्या मागण्या मांडावयाच्या. विषयांची यादी आगाऊ लेखी द्यावी लागे. अमुक गावी विहीर हवी, तमुक तळ्याचा बांध फुटला आहे, आमच्या तालुक्यात दवाखाना नाही. मागणी मांडली गेली की दिवाणांना तिचे काही ना काही उत्तर द्यावे लागे, आणि मागणी व उत्तर दोन्ही कामकाजाच्या पुस्तकात छापली जात. पुष्कळ उत्तरे टाळाटाळीची असत. पण टाळाटाळ छापून निघाली की पुढच्या दसऱ्याला तीच मागणी घेऊन पुन्हा उभे राहता येते, हे सभासदांना लवकरच उमजले.

येथे मराठी वाचकाला पुण्याची सार्वजनिक सभा आठवल्याशिवाय राहणार नाही. ती म्हैसूरच्या सभेहून अकरा वर्षांनी वडील. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी ती उभी केली तेव्हा सभासद होण्यासाठी एक विलक्षण अट घातली होती: किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील तोच सभासद. आरंभीच ९५ सभासदांनी सहा हजारांवर लोकांच्या सह्या आणल्या. या देशात मतपेटी येण्यापूर्वी निवडून आलेले प्रतिनिधी कोणी असतील तर ते हेच, असे आम्हांस वाटते. त्याच १८७६ च्या दुष्काळात सभेने आपली माणसे गावोगाव पाठवून हकिकती गोळा केल्या आणि सरकारला अर्जांमागून अर्ज केले. न्यायमूर्ती रानड्यांची दृष्टी त्यामागे होती.

या दोन सभा शेजारी ठेवून पाहिल्या की एक गंमत दिसते. पुण्याच्या सभेला अधिकार लोकांनी दिला होता, पण सरकारने तिचे ऐकलेच पाहिजे असे कोणतेही बंधन नव्हते. म्हैसूरच्या सभेचे सभासद आरंभी सरकारच्या मर्जीने आलेले, पण दिवाणांना वर्षातून एकदा त्यांच्यापुढे उभे राहून उत्तर देणे भागच होते. एकीकडे बोलणारा खरा होता आणि ऐकणारा नव्हता. दुसरीकडे ऐकणारा बांधलेला होता आणि बोलणारा अर्धामुर्धा होता. सुकाळात हा भेद पुस्तकी वाटतो. प्लेग आला तेव्हा तो पुस्तकी राहिला नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वर्षअखेर रोगाने पुणे गाठले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने सरकारला घरात शिरण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे, सामान जाळण्याचे हवे तेवढे अधिकार दिले. पुण्यात रँड साहेब आले, त्यांच्या हाताखाली गोरे शिपाई आले. पुढचे आपण शाळेत शिकलो आहोत. शाळेत न शिकविलेली गोष्ट अशी की नेमक्या याच वेळी, मार्च १८९७ मध्ये, मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. दुष्काळाच्या सारासुटीच्या चळवळीवरून सरकार रुष्ट झाले होते. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा हक्क या सभेला यापुढे नाही, असे कळविण्यात आले. ज्या महिन्यात शहराला गाऱ्हाणे मांडण्याची सर्वाधिक गरज होती त्याच महिन्यात गाऱ्हाण्याची पेटी बंद झाली. शिवाय घरही फुटलेले होते: १८९५ मध्ये सभा टिळकपक्षाच्या हाती गेली होती आणि रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली होती. टिळक स्वतः मुंबई कायदेमंडळाचे निवडून आलेले सभासद होते, आणि १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्कही दिला होता. परंतु ज्या कायदेमंडळाच्या बैठका मोजक्याच होत तेथे प्रश्न विचारायची पाळी येईपर्यंत घरे धुऊन, सामान रस्त्यावर येऊन गेलेले असे.

मग लोकांनी दुसऱ्या वाटा धुंडाळल्या. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातील एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात काय भोगावे लागले याविषयी 'बाँबे गार्डियन' पत्राला लिहिले. ते पत्र थेट विलायतेच्या पार्लमेंटात गाजले, आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यातील आरोप साफ नाकारले. दुसरी वाट गोपाळ कृष्ण गोखल्यांची. ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी १८९७ च्या वसंतात विलायतेत गेले होते, वय अवघे एकतीस. पुण्यातील विश्वासू मित्रांची पत्रे त्यांना तेथे मिळाली. शिपायांच्या अत्याचारांच्या हकिकती त्यांत होत्या. स्त्रियांच्या अब्रूवर घाला पडल्याचे आणि एकीने जीव दिल्याचेही त्यांत होते. गोखल्यांनी ही पत्रे कोणाकडे न्यावी? पुणेकरांनी निवडून दिलेला एकही माणूस त्या पार्लमेंटात नव्हता. सर विल्यम वेडरबर्न होते. ते मुंबई इलाख्यात नोकरी केलेले आणि हिंदुस्थानाविषयी मनापासून कळकळ असलेले गृहस्थ. पण ते स्कॉटलंडातील बॅन्फशायरच्या मतदारांचे प्रतिनिधी. गाऱ्हाणे कसबा पेठेचे आणि प्रतिनिधी बॅन्फशायरचा, अशी ती स्थिती होती. वेडरबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे गोखल्यांनी हकिकत मांडली आणि 'मँचेस्टर गार्डियन'लाही सांगितली.

सरकारने पुरावा मागितला, नावे मागितली. आणि येथे सारा डोलारा ढासळला. पत्रे लिहिणाऱ्या मित्रांनी आपली नावे पुढे येऊ नयेत अशी विनवणी केली. जिच्यावर प्रसंग गुदरला तिच्या घरचा माणूस चौकशीत उभा राहील, ही आशा नव्हती. तोपर्यंत २२ जूनची रात्र उलटून गेली होती, रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि पुण्यात जो तो आपली सावली सांभाळीत होता. जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईस उतरले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी गव्हर्नरांची व शिपायांची जाहीर, बिनशर्त माफी मागितली. त्या माफीवरून त्यांना वर्षानुवर्षे टोमणे ऐकावे लागले. आमचे मत विचाराल तर दोष गोखल्यांकडे कमी, आणि भीतीपोटी मागे सरलेल्या मित्रांकडेही फारसा नाही. सरकारदरबारी सही करून अर्ज देण्याची आणि तरीही सुरक्षित राहण्याची सोयच ज्या शहराला नाही तेथे गाऱ्हाणे कुजबुजीतूनच प्रवास करणार, आणि सात समुद्रांपलीकडे पोहोचेपर्यंत त्याचा साक्षीदार हरवणार. माफीनंतरचे गोखलेही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ते स्वतः पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले, आणि १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून गेल्यावर आकडा आणि आधार यांखेरीज एक वाक्यही बोलावयाचे नाही असा त्यांचा बाणा झाला.

२२ जून १८९७ हा राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा दिवस. त्याच दिवशी इकडे बंगळूरला राजमाता वाणीविलास सन्निधान यांच्या हस्ते व्हिक्टोरिया इस्पितळाची पायाभरणी झाली. एकाच दिवशी गणेशखिंडीत पिस्तूल वाजते आणि बंगळूरात इस्पितळाचा दगड बसतो, या योगायोगातून म्हैसूर संस्थान म्हणजे रामराज्य होते असा अर्थ मात्र कोणी काढू नये. इस्पितळ बांधून होण्यापूर्वीच, १८९८ च्या ऑगस्टमध्ये, हुबळीकडून रेल्वेने प्लेग बंगळूरात उतरला. ती रेल्वे चालविणाऱ्या कंपनीचे नाव 'सदर्न मराठा', हाही एक योगायोगच. रोग म्हैसूर शहरातही आला. घरे रिकामी करणे, रोगी हलविणे, प्रवाशांना अडकवून ठेवणे हे सारे येथेही झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाम येथे लोकांनी दंगाही केला. सक्ती कोणालाच गोड लागत नाही, मग ती करणारा गोरा असो वा सावळा.

या वेळी संस्थानचे प्लेग कमिशनर म्हणून नेमले गेलेले गृहस्थ आपल्यापैकी होते. व्ही. पी. माधवराव यांचा जन्म १८५० चा, कुंभकोणमचा. घराणे तंजावरी मराठी देशस्थांचे. म्हैसूरच्या नोकरीत चढत चढत ते पोलीस खात्याचे प्रमुख झाले होते. घरात मराठी, दरबारात इंग्रजी, रयतेशी कन्नड, अशा तीन भाषांत वावरणारा हा अधिकारी. पुण्यात काय घडले हे त्याच्यापुढे ताजे होते. प्लेगच्या बंदोबस्तात हात घातला की पहिला बळी लोकांच्या विश्वासाचा जातो, हे कळायला माधवरावांना पुस्तक उघडावे लागले नसेल.

त्या काळच्या वैद्यकाविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. येर्सिन यांनी १८९४ मध्ये प्लेगचा जंतू ओळखला होता, पण तो उंदराच्या पिसवेतून माणसापर्यंत येतो हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये सांगितले आणि शास्त्रज्ञांना ते पटावयास आणखी आठ-दहा वर्षे गेली. म्हणजे भिंतींवर औषधी पाणी मारणारे शिपाई आणि त्यांच्याविरुद्ध लिहिणारे पुणेकर, दोघांनाही खरा शत्रू ठाऊक नव्हता. ज्या उपायाने माणसे खरोखर वाचत तो उपाय खेड्यातल्या लोकांना आपल्या अनुभवाने माहीत होता: उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालावयाच्या. हाफकिन यांची लस १८९७ मध्ये मुंबईत सिद्ध झाली होती. तीही हळूहळू लोकांनी पत्करली. रयतेची रीत आणि डॉक्टरांची विद्या यांचा मेळ जेथे पडला तेथे सक्तीची धार आपोआप बोथट झाली. १८९८ नंतर इंग्रज सरकारनेही पुण्यातला हट्ट सोडलाच.

त्यानंतर कित्येक वर्षे दिवाणांच्या दसऱ्याच्या भाषणात प्लेगचा परिच्छेद नेमाने येत राहिला. सभेच्या इतिहासातील हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. किती माणसे दगावली, किती खर्च झाला, हे राज्याच्या प्रधानाने तालुक्यातून आलेल्या शेतकऱ्या-व्यापाऱ्यांपुढे उभे राहून दरसाल सांगावयाचे! मुंबई इलाख्यात जी माहिती मिळविण्यासाठी कायदेमंडळात प्रश्न विचारावा लागे आणि विलायतेत पत्रे धाडावी लागत, ती येथे विजयादशमीच्या पानांबरोबर वाटली जात होती. मुंबईच्या १८९८ च्या सुधारणा ट्रस्टच्या पाठोपाठ १९०३ मध्ये म्हैसूरलाही नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट वस्तीतून रस्ते काढणे, गटारे बांधणे, गावाबाहेर नवे मोहल्ले वसविणे हे काम त्याने हाती घेतले. आज पाहुणे आले की म्हैसूरच्या सरळ, रुंद रस्त्यांचे कौतुक करतात. त्या रुंदीत प्लेगच्या भीतीचा वाटा बराच आहे हे आम्ही त्यांना सांगतो. ते ऐकून त्यांचे चेहरे थोडे उतरतात.

माधवराव १९०६ मध्ये दिवाण झाले. १९०७ मध्ये त्यांनी कायदेमंडळ स्थापन केले आणि प्रजाप्रतिनिधी सभेने आपल्यातून निवडलेल्या सभासदांनाही त्यात जागा दिली. दसऱ्याच्या सभेतल्या गाऱ्हाण्याला कायद्याच्या दारापर्यंत नेणारी ही पहिली पायरी. इथवर सारे चांगले. परंतु १९०८ मध्ये याच माधवरावांनी वृत्तपत्रांना लगाम घालणारा कायदा केला. टिळकांना मंडालेची शिक्षा झाली ते हेच साल. साऱ्या हिंदुस्थानात सरकारे वृत्तपत्रांवर तुटून पडली होती. म्हैसूरात याचा घाव एम. वेंकटकृष्णय्या यांच्यावर बसला. सारे म्हैसूर त्यांना 'तातय्या' म्हणे. शिक्षक, मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते, प्रजाप्रतिनिधी सभेतले निर्भीड सभासद आणि 'वृत्तांत चिंतामणी'चे संपादक. एका हाताने सभासदाला व्यासपीठ द्यावे आणि दुसऱ्याने त्याची लेखणी काढून घ्यावी, हे माधवरावांसारख्या जाणत्या माणसाने का करावे? संस्थानिकांचा धनी कलकत्त्यास बसलेला होता, त्याचा दाब असेल. तरीही आपला माणूस म्हणून आम्ही त्यांची ही बाजू झाकणार नाही. तातय्यांचा पुतळा शहराच्या मध्यवस्तीत आहे, आणि तेथून जाताना ही गोष्ट आठवावी इतकी ती महत्त्वाची आहे. माधवरावांनंतर १९०९ मध्ये दिवाण झालेले टी. आनंदराव हेही तंजावरी मराठीच, सर टी. माधवरावांचे चिरंजीव, बंगळूरचे आनंदराव सर्कल त्यांच्या नावाचे.

पुढील हकिकत आटोपशीर सांगतो. १९२३ च्या कायद्याने प्रजाप्रतिनिधी सभेला कायदेशीर पाया मिळाला आणि मताधिकारातून स्त्री-पुरुष भेद काढून टाकण्याची वाट मोकळी झाली. क्षयरोगासाठी मात्र कोणाला फार अर्ज करावे लागले नाहीत, कारण तो रोग राजवाड्यातच शिरला होता. महाराजांच्या भगिनी कृष्णाजम्मण्णी त्याला बळी पडल्या आणि त्यांच्या नावाचे आरोग्यधाम १९२१ मध्ये म्हैसूरला सुरू झाले. रोग राजाच्या उंबऱ्यावर आला की मधल्या पायऱ्या गळतात, हे कटू असले तरी सर्व राज्यांत, सर्व काळी खरे ठरले आहे.

मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावे असे साल १९३०. त्या वर्षीच्या ११ जूनला, सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना, म्हैसूर सरकारने सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाचा सल्ला देणारी केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. सरकारने स्वतः असे केंद्र चालविण्याचे हे जगातील अगदी आरंभीचे उदाहरण. म्हैसूरचे चेलुवांबा इस्पितळ त्यांतले एक. तिकडे मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून हेच काम एकट्याच्या हिमतीवर चालविले होते. त्यापायी प्राध्यापकी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले आणि दंड वाट्याला आले. १९३८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. बाळंतपणांनी खंगलेल्या गरीब स्त्रियांचे दुःख त्या भाषणात होते आणि भाषणाची तयारी बाबासाहेबांची होती. ठराव फेटाळला गेला. म्हैसूरात दिवाणांच्या एका हुकुमाने जे झाले ते मुंबईत निवडून आलेल्या प्रतिनिधींनी नाकारले! सभा, मतदान, प्रतिनिधी यांचे गोडवे गाताना हे उदाहरण गळ्यात काट्यासारखे अडकते, आणि ते तसेच अडकू द्यावे असे आम्हांस वाटते. एक मात्र खरे की रोहमांचा ठराव पडला तरी त्यांचे शब्द कामकाजाच्या पुस्तकात राहिले, आणि पुढच्या पिढीला ते शोधता आले.

आमच्या मंडळाच्या जुन्या फायलीतही एक अर्ज आहे. वॉर्डातील उघड्या गटारामुळे डासांचा उपद्रव वाढून ताप पसरल्याची तक्रार त्यात असून तो नगरपालिकेच्या सभासदांना उद्देशून आहे. मसुदा मराठीत झाला, कन्नड एका शेजाऱ्यांनी करून दिले, आणि सह्या मराठी, कन्नड, तमिळ, उर्दू अशा चार लिप्यांत आहेत. कोणाच्या घरी किती दिवस कोण आजारी होते याची यादी, तारखांसह, सोबत जोडलेली आहे. कारकुनी पेशाच्या आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदाने ती यादी करण्याचा आग्रह धरला होता म्हणे. गटार पुढे झाकले गेले, पण ते या अर्जाने की निवडणूक जवळ आल्याने, यावर मंडळात आजही दोन पक्ष आहेत.

प्रजाप्रतिनिधी सभा १९४९ मध्ये विसर्जित झाली. स्वतंत्र हिंदुस्थानात, प्रौढ मतदानाच्या उंबरठ्यावर, तिचे काम संपले होते. अडुसष्ट वर्षांच्या तिच्या कामकाजाच्या छापील पुस्तकांत राज्यातील विहिरी, तळी, दवाखाने, सुईणी, लस टोचणारे यांच्या मागण्या पानोपानी विखुरलेल्या आहेत. सभेच्या बैठका ज्या जगन्मोहन राजवाड्याच्या दिवाणखान्यात भरत आणि १९०७ मध्ये जेथे कायदेमंडळाची पहिली बैठक झाली, तेथे आता चित्रसंग्रहालय आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तेथे हमखास नेतो. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभे करून काढलेले, हातातल्या दिव्याच्या उजेडात उजळलेल्या स्त्रीचे चित्र तेथे आहे. पुष्कळ जण ते रविवर्म्याचे समजतात आणि आम्ही त्यांची चूक दुरुस्त करतो. चित्र पाहून झाले की त्याच वास्तूतला मोठा दिवाणखानाही दाखवितो, आणि कोणत्या तालुक्याचा माणूस कोणते मागणे घेऊन येथे उभा राहत असेल, याची चर्चा बाहेर पडेपर्यंत चालते.